शून्य ते चाळीस अंश

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यात एक जाडजूड माहितीपुस्तिका यायची. फ्लॅश कसा बंद करायचा, झूम कसा वापरायचा, तारीख कशी लावायची, हे सगळं पुढच्या पानांवर असे. अगदी शेवटी, बारीक टायपातल्या तक्त्यात, एक ओळ हमखास सापडे: वापरण्यायोग्य तापमान ० ते ४० अंश सेल्सियस. थंड हवेच्या गावात ही ओळ वाचली काय नि न वाचली काय, फारसं बिघडत नाही. भोपाळच्या पूर्वेकडच्या अयोध्या नगरात मात्र तिला वजन होतं. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जून संपता संपता त्याच हवेत ओल भरते. म्हणजे लग्नसराईत, मुंजीत, सुट्टीत आलेल्या नातवंडांच्या गर्दीत, जेव्हा कॅमेरा हातात हवा, नेमका तेव्हाच तो निर्मात्याने आखून दिलेली रेषा ओलांडून काम करत असे.

२००३-०४ च्या सुमारास घरातला पहिला डिजिटल कॅमेरा घेताना एक प्रश्न ठरलेला होता: ‘हा टिकेल का?’ दुकानदाराला आणि तरुण पोरांना तो जुन्या वळणाचा वाटे. चित्र किती स्वच्छ येतं, मॉडेल किती नवं आहे, याकडे त्यांचा ओढा असे. पण या छोट्या यंत्राचा इतिहास नीट पाहिला, तर त्या काळातला सगळ्यांत अचूक प्रश्न तोच होता असं दिसतं.

तो प्रश्न इथे इतक्या ठामपणे का विचारला गेला, हे कळायला वसाहतीचा शेजार पाहावा लागतो. अयोध्या नगर ही हाउसिंग बोर्डाची वसाहत. अक्षरांनी ओळखले जाणारे सेक्टर, लहान लहान घरं, जवळून जाणारा अयोध्या बायपास, पुढे रत्नागिरी तिराहा, पिपलानी आणि गोविंदपुऱ्याचा औद्योगिक भाग. या सगळ्या पूर्व भोपाळचा कणा म्हणजे ‘भेल’. १९५६ मध्ये ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या नावाने, ब्रिटनच्या एईआय या कंपनीच्या सहकार्याने या कारखान्याची स्थापना झाली. १९६० मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९७४ मध्ये तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाला. त्याच १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झालं. नागपुरातल्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींबरोबर भोपाळला आली. कारखान्याच्या निमित्तानेही मराठी माणसं इथे आली आणि स्थिरावली.

ज्या घरात कुणी ट्रान्सफॉर्मर, टर्बाइन किंवा ट्रॅक्शन मोटरच्या विभागात काम केलेलं असतं, तिथे ‘टिकाऊ’ हा शब्द सैलपणे वापरला जात नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कामातला एक जुना ठोकताळा आहे: आतलं तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे सहा ते दहा अंशांनी वाढलं, की गुंडाळ्यांवरच्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. यंत्र बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून म्हातारं होत जातं. जुना फिटर बेअरिंगची तब्येत कानाने ओळखतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि खरखर ऐकू येते का पाहायचं. असा माणूस चमकदार चांदीरंगी कॅमेरा हातात घेऊन आधी त्याची दारं, बिजागऱ्या आणि स्क्रू पाहतो, यात नवल नाही.

भोपाळच्या हवेशी कॅमेऱ्याचं भांडण तर त्याहूनही जुनं. १८६१-६२ मध्ये लेफ्टनंट जेम्स वॉटरहाउस हा तोफखान्यातला अधिकारी मध्य भारतातल्या लोकांची छायाचित्रं काढत फिरला. पुढे आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी ग्रंथासाठी तो उपक्रम होता. भोपाळला त्याने नवाब सिकंदर बेगमांची छायाचित्रं टिपली. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती रसायनात बुडवायची आणि थर ओला असेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, फोटो घेऊन लगेच धुवायचा. जितकी हवा गरम तितकी काच लवकर वाळणार आणि धुळीचा प्रत्येक कण चिकट थरावर कायमचा बसणार. इंदूरला सरकारी नोकरीत असलेल्या लाला दीनदयाळांनी १८८२ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर या मुलखातल्या वास्तू टिपल्या. तो संग्रह १८८६ मध्ये पुस्तकरूपाने आला. उष्मा, धूळ आणि ओल हे तिन्ही शत्रू त्याही वेळी हजर होते. फरक इतकाच की तेव्हा छायाचित्रकाराला आपल्या यंत्राचा प्रत्येक भाग उघडता येत होता. लाकडी खोकं, कातडी भाता, पितळी भिंग, सगळं सुताराच्या आणि तांबटाच्या हातातलं.

सामान्य घरात कॅमेरा आला तो फार नंतर, आणि तो असा आला की टिकण्याची चिंताच करायला नको. अग्फाचा ‘क्लिक-३’ भारतातच तयार व्हायचा. आत १२० नंबरचं रीळ, बारा चौकोनी फोटो. बॅटरी नाही, मोटर नाही; एक स्प्रिंग, एक पत्र्याची पट्टी आणि ऊन की ढग एवढंच ठरवायचं. त्यात बिघडण्यासारखं फारसं नव्हतंच. रीळही देशी मिळू लागलं होतं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची १९६० मध्ये स्थापना झाली आणि पुढे ‘इंदू’ हे तिचं नाव घराघरांत गेलं. पुढे ‘हॉट शॉट’ आला, यशिका आले, कोडॅकचे प्लास्टिकचे सुटसुटीत कॅमेरे आले. ३६ फोटोंचा रोल नीट भरला तर सदतिसावा फोटोही निघायचा आणि तो कुणाचा काढायचा यावर घरात चर्चा व्हायची. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायचा, एवढं एक पथ्य होतं.

फिल्मच्या त्या काळात भोपाळने जगाला दाखवलेली चित्रं कुणी विसरू शकणार नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. त्यानंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बाळाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन्ही छायाचित्रकारांनी टिपला. बार्थोलोम्यू यांच्या रंगीत छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. चाळीस वर्षं उलटली, तरी दर डिसेंबरला भोपाळच्या रस्त्यांवर तो चेहरा पुन्हा दिसतो. फोटो टिकला पाहिजे म्हणजे काय, हे या शहराला वेगळं सांगावं लागत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याची जन्मकथा अमेरिकेतल्या रॉचेस्टरची. १९७५ च्या डिसेंबरात कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने साडेतीन किलोंहून जड असं एक खोकं जुळवलं. फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा सेन्सर १०० गुणिले १०० ठिपक्यांचा, म्हणजे अवघे १०,००० ठिपके. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत, आणि चालवायला सोळा सेल. खिशात मावणारा, पाठीवर छोटा पडदा असलेला कॅमेरा लोकांच्या हातात दिला तो कॅसिओने, १९९५ च्या ‘क्यूव्ही-१०’ मधून. त्याला चार पेन्सिल सेल लागत. सोळाचे चार झाले, ठिपके हजारांतून लाखांत गेले, पण सेलची भूक काही सुटली नाही. भारतातल्या घरांना तिचा पुढे चांगलाच अनुभव यायचा होता.

भारताने १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचा आंतरराष्ट्रीय शुल्ककरार स्वीकारला. त्यातल्या वस्तूंच्या यादीत डिजिटल स्टिल कॅमेराही होता, आणि २००५ पर्यंत त्या यादीवरचं आयातशुल्क शून्यावर यायचं होतं. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला ‘येताना एक कॅमेरा आण’ असं सांगणारी घरं हळूहळू न्यू मार्केटच्या आणि एम. पी. नगरच्या दुकानांत डोकावू लागली. किंमत तरीही पाच आकड्यांत होती. भाच्याने आणलेला स्वस्त पडे, पण त्याची वॉरंटी बहुधा परदेशातच राही. इथल्या दुकानाचा महाग पडे, पण शिक्का मारलेलं बिल आणि भारतातली वॉरंटी मिळे. ‘दोन हजार जास्त गेले तर जाऊ देत, बिल पक्कं घ्या,’ असं सांगणारे काका प्रत्येक सेक्टरात होते आणि ते बरोबर सांगत होते.

दुकानात मात्र बोलणं मेगापिक्सेलवरच चाले. तीन घ्यावा, चार की पाच? हिशेब खरं तर सोपा होता. चार बाय सहा इंचांचा पोस्टकार्ड आकाराचा फोटो उत्तम छापायला दर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, एकूण २१ लाख ६० हजार. सव्वादोन मेगापिक्सेलमध्ये घरचा अल्बम भागतो. तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो आरामात बसत होता. डिजिटल झूमचा आकडाही असाच फसवा. तो चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, भिंग जागचं हलत नाही. खरा झूम भिंगाचा, आणि तो या कॅमेऱ्यांत बहुतेक तीन पट असे.

२००३ मध्ये आलेला कॅननचा ‘पॉवरशॉट ए-७०’ हा त्या काळच्या निवडीचा चांगला नमुना. ३२ लाख ठिपके, तीन पट झूम, चार पेन्सिल सेल आणि खोक्यात १६ एमबीचं कार्ड. सर्वोत्तम दर्जा ठेवला तर त्या कार्डावर जेमतेम दहाएक फोटो बसत. ३६ फोटोंच्या रोलची सवय असलेल्या घराला हा पहिला धक्का. मोठं कार्ड वेगळं घ्यायचं, आणि तेही कुठलं? कुणाला कॉम्पॅक्ट फ्लॅश लागे, कुणाला एसडी, सोनीला मेमरी स्टिक, ऑलिंपस आणि फुजीला एक्सडी. एका कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्यात जात नव्हतं.

दुसरा धक्का सेलचा. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारे साधे सेल कॅमेऱ्यात घातले की दोन-चार फोटोंत पडद्यावर लाल खूण लुकलुकायची. सेल खोटे निघाले असं वाटायचं, पण त्यांचा दोष नव्हता. घड्याळ थेंब थेंब वीज पितं. भिंग बाहेर ढकलणारी मोटर आणि फ्लॅश एका क्षणात घोटभर मागतात. साध्या झिंक-कार्बन सेलचा आतला रोध जास्त, त्यामुळे त्याचा दाब एकदम कोसळतो. उपाय होता चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा. त्यासाठी चार्जर रात्रभर लावून ठेवायचा. पण ती वर्षं मध्य प्रदेशात भारनियमनाची होती. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत ‘बिजली, सडक, पानी’ हे तीन शब्द गाजले आणि दहा वर्षांचं सरकार गेलं. रात्री वीज गेली की सेल अर्धेच भरत, आणि सकाळी साखरपुड्याला निघालेल्या कॅमेऱ्याचं भिंग अर्धवट बाहेर येऊन थांबे.

त्या भिंगापाशीच टिकण्याचा खरा प्रश्न होता. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचं भिंग बंद असताना आत दुमडलेलं असतं. बटण दाबलं की एकात एक बसलेल्या नळ्या दुर्बिणीसारख्या बाहेर सरकतात. ही सगळी हालचाल बोटाच्या पेरापेक्षा लहान मोटरीवर आणि बारीक दातेरी चाकांवर चालते. नळ्या बाहेर येताना आतली जागा वाढते, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर धूळही. नवी वसाहत म्हणजे सतत कुठेतरी बांधकाम, वाळूचे ढीग आणि बायपासवरचे ट्रक. वाळूचा एक कण चाकात अडकला की कॅननच्या पडद्यावर ‘ई-१८’ ही अक्षरं उमटत आणि भिंग हलत नसे. हा संकेत जगभरच्या ग्राहकांना पाठ झाला होता. धूळ सेन्सरवर बसली तर आणखीच कठीण. फिल्मच्या कॅमेऱ्यात दर फोटोला नवी, स्वच्छ फिल्म पुढे येते. डिजिटलमध्ये सेन्सर एकच. त्यावर बसलेला ठिपका बारशापासून साठीशांतीपर्यंत प्रत्येक फोटोत, त्याच जागी.

शिवाय गल्लीतला घड्याळजी किंवा रेडिओवाला आता कामाचा राहिला नव्हता. ‘क्लिक’ची स्प्रिंग तो बसवू शकत होता. इथे एक भाग बिघडला की अख्खा संचच बदलायचा आणि तो अधिकृत सेवा केंद्राकडूनच मागवायचा. दुरुस्तीचा खर्च ऐकून अनेकांनी कॅमेरा तसाच कपाटात ठेवून दिला.

मग २००५ चा ऑक्टोबर उजाडला. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा आणि स्वतः सोनी अशा एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांनी पाठोपाठ सारखंच निवेदन काढलं. साधारण २००२ ते २००४ या काळात विकलेल्या कितीतरी मॉडेलांचे सेन्सर निकामी होत होते. पडदा काळा पडे किंवा चित्र जांभळट, वाकड्या रेघांचं येई. वेगवेगळ्या नावांच्या या कॅमेऱ्यांत सेन्सर एकाच कारखान्याचा, सोनीचा होता. त्याच्या वेष्टनातून ओल आत शिरे आणि चिपला जोडणाऱ्या केसासारख्या तारा सुटत. हे कुठे जास्त घडतं? निवेदनांत स्पष्ट लिहिलं होतं: उष्ण आणि दमट हवेत. कंपन्यांनी वॉरंटी संपलेले कॅमेरेही विनाशुल्क दुरुस्त करून देण्याचं मान्य केलं. बाधित मॉडेलांच्या यादीत ‘ए-७०’ होता.

ट्रान्सफॉर्मरचा तो ठोकताळा इथे पुन्हा आठवतो. बाहेरून ओरखडाही नाही, आणि आत उष्म्याने नि ओलीने जोड सुटतोय. पक्कं बिल जपून ठेवलेल्या, ‘टिकेल का’ म्हणून दुकानदाराला भंडावून सोडणाऱ्या ग्राहकाला सेन्सर, वेष्टन, तारा हे शब्द ठाऊक नव्हते. पण आपल्या गावची हवा यंत्राला कुठे धरते, हे तो अनुभवाने जाणत होता. आणि बाजारातल्या जाहिराती मेगापिक्सेलचे आकडे मोजत होत्या तेव्हा या माणसाची शंका नेमक्या जागी बोट ठेवत होती, हे कंपन्यांनीच लेखी मान्य केल्यासारखं झालं.

टिकाऊपणा ही विकण्याची गोष्ट आहे, हे उत्पादकांना हळूहळू कळलं. २००६ मध्ये ऑलिंपसचा ‘म्यू ७२० एसडब्ल्यू’ आला. दीड मीटरवरून पडला तरी चालेल, तीन मीटर खोल पाण्यात नेला तरी चालेल, असं कंपनी सांगत होती. त्याचं भिंग बाहेर येतच नव्हतं. आतल्या आत प्रकाश काटकोनात वळवून झूम साधला होता, त्यामुळे धुळीला दारच उरलं नाही. बाकीच्यांनीही असे दणकट कॅमेरे काढले. तोवर वेळ निघून गेली होती. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यांतले बहुसंख्य खिशातले. २०२३ मध्ये हा एकूण आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मोबाइल फोनने ती जागा घेतली. त्यात बाहेर येणारी नळी नाही आणि वेगळे सेलही नाहीत. सॅसनच्या कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात डिजिटल कॅमेरे बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. उटीचा ‘इंदू’चा कारखानाही बंद पडला.

गेल्या काही वर्षांत मात्र हे छोटे कॅमेरे पुन्हा मागितले जाऊ लागले आहेत. कॉलेजातल्या मुलामुलींना त्या काळच्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरचे रंग आणि फ्लॅशचा तो थेट, कडक उजेड आवडतो. जगभर जुन्या पॉवरशॉट, सायबरशॉट, कूलपिक्सना गिऱ्हाईक आहे. अयोध्या नगरासारख्या वसाहतींत असे कॅमेरे विकत घ्यावे लागत नाहीत. ते आजोबांच्या कपाटात, लग्नाच्या सीड्यांशेजारी, कापडी पाउचमध्ये पडलेले असतात.

असा कॅमेरा बाहेर काढला की तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी सेलचं झाकण उघडायचं. जुने सेल आत राहिले असतील तर पट्ट्यांवर पांढरी-हिरवी खार धरलेली दिसते. क्षारयुक्त सेलची खार असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडंसं व्हिनेगर घेऊन ती पुसता येते. मग झाकणाची खिट्टी बसते का, कार्डाची खाच मोकळी आहे का, हे बघायचं. चार्ज केलेले नवे सेल घालायचे. पडद्यावर जांभळ्या रेघा दिसल्या तर तिथेच थांबायचं. ती विनाशुल्क दुरुस्ती केव्हाच संपली आहे. रेघा नसल्या तर पंखा बंद करायचा, खोलीत शांतता करायची आणि बटण दाबायचं. नात पडद्याकडे बघते. कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा कॅमेरा कानाशी नेतात आणि भिंग बाहेर येईपर्यंत डोळे मिटून, आत कुठे वाळू खरखरतेय का, ते ऐकतात.